चोर्ला घाटात उकळणारं बिऱ्हाड: रेडिएटर नवा, पंखे नवे, तरी गाडी गरम

डिचोलीकरीण
१२ एप्रिल, रात्री ९:४०

बाबांची १९९४ ची टेम्पो ट्रॅव्हलर आहे. बजाज टेम्पोच्या काळातली, तेच २.४ लिटरचं मर्सिडीज घराण्यातलं ओएम ६१६ इंजिन. मागच्या सीटा काढून बाबांनी स्वतः पलंग, ओटा, पाण्याची टाकी आणि गॅसची शेगडी बसवली होती. घरात तिला सगळे 'बिऱ्हाड' म्हणतात. बाबा गेल्यावर ती माझ्याकडे आली.

डिसेंबरात जुना रेडिएटर गळायला लागला. गॅरेजवाला म्हणाला, याच्यात राम नाही, नवा मोठा अ‍ॅल्युमिनियमचा टाकू. सोबत बारा इंची दोन इलेक्ट्रिक पंखे. इंजिनवरचा मूळ पंखा काढून गोणपाटात बांधून दिला, कारण "तो इंजिनची ताकद खातो". थर्मोस्टॅटही (पाणी तापेपर्यंत रेडिएटरची वाट बंद ठेवणारा व्हॉल्व्ह) काढला, कारण "गोव्यात थंडी कुठाय?" तेव्हा मला दोन्ही गोष्टी पटल्या होत्या.

आता परिस्थिती अशी: डिचोली ते साखळी, साखळी ते केरी, तापमानाचा काटा ८५ वर. केरी सोडून घाट लागला, दुसरा गिअर पडला, की काटा चढायला लागतो. अंजुणे धरण खाली दिसायला लागतं तिथवर १०५. त्याच्या पुढच्या वळणांवर लाल. गेल्या रविवारी गाडी बाजूला घेतली तेव्हा रेडिएटरच्या टोपणाखालून शिट्टी येत होती. भर उन्हात हीटर फुल्ल सोडून बसले होते, कुणीतरी तसा सल्ला दिला होता म्हणून. त्याने काटा थोडा उतरला हे खरं, पण मी वितळले.

रेडिएटर छोटा पडतोय का? अजून मोठा टाकू? तिसरा पंखा लावू?

---

सोलकढी
१२ एप्रिल, रात्री १०:०२

एप्रिलमध्ये हीटर लावून चोर्ला चढणाऱ्या ताईंना साष्टांग नमस्कार. बाकी ज्ञानी लोक येतीलच, मी खुर्ची घेऊन बसलोय.

---

नळस्टॉप
१२ एप्रिल, रात्री १०:३१

आधी एक दुरुस्ती. प्रोफाइलमध्ये तुम्ही 'व्हिंटेज मोटरहोम' लिहिलं आहे. २०२१ च्या केंद्राच्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली गाडी व्हिंटेज. १९९४ ची गाडी फक्त जुनी.

दुसरं, इतका खर्च करण्यापेक्षा हरमलला परदेशी लोक जुन्या मर्सिडीज कॅम्पर विकून जातात म्हणे. ती का घेत नाही?

---

कुंदा
१२ एप्रिल, रात्री १०:५०

नळस्टॉप, त्या गाड्या कार्नेवर येतात. म्हणजे तात्पुरत्या आणल्या, परत न्यायच्या, या बोलीवर. कस्टमची ड्यूटी न भरता इथे विकणं हा गुन्हा. स्वस्त मिळते ती त्यामुळेच. ताईंना त्या भानगडीत ढकलू नका.

ताई, मी बेळगावचा. हा घाट महिन्यातून दोनदा करतो. आमच्या मॅटाडोरला असंच व्हायचं, तेव्हा खालचा होज पाईप गुन्हेगार निघाला. जुना होऊन मऊ पडला होता. इंजिन रेस केलं की पंपाच्या ओढीने चपटा व्हायचा आणि पाणी बंद. न्यूट्रलमध्ये रेस करून कुणाला तरी तेवढं बघायला सांगा.

---

डेपोतला_मेस्त्री
१३ एप्रिल, सकाळी ६:१५

बाय, मी कदंबच्या (गोव्याची सरकारी बससेवा) डेपोत मेस्त्री होतो, आता निवृत्त. तीन गोष्टी सांगतो, पण एका वेळी एकच कर. सगळं एकदम बदललंस तर कशाने बरं झालं ते कधी कळणार नाही.

पहिली. नवा रेडिएटर, पंखा, काहीही घ्यायच्या आधी हेड गॅस्केट बघ, म्हणजे इंजिनचा ब्लॉक आणि हेड यांच्यामधली सीलची चकती. ती फुटली की धूर पाण्यात शिरतो. सकाळी थंड इंजिन. टोपण काढ, गळ्यापर्यंत पाणी भर, गाडी चालू कर आणि दहा मिनिटं नुसती बघत रहा. बुडबुडे येतच राहिले, पाण्याला डिझेलच्या धुराचा वास आला, तर रेडिएटर मागव नाही तर विमान, गाडी उकळणारच. आणि गरम गाडीचं टोपण उघडू नकोस. तुझी शिट्टी वाजली तेव्हा उघडलं नाहीस ना?

---

डिचोलीकरीण
१३ एप्रिल, सकाळी ८:२०

नाही काका, उघडलं नाही. पाऊण तास धरणाकडे बघत बसले.

आज सकाळी केलं. सुरुवातीला दोनचार बुडबुडे आले, मग पाणी शांत. वास नाही. खालचा होजही ताठ आहे, आत स्प्रिंग लागते हाताला.

---

डेपोतला_मेस्त्री
१३ एप्रिल, सकाळी ८:४५

बरं झालं. गॅस्केट वाचलं.

दुसरी. थर्मोस्टॅट काढायला सांगणाऱ्याला माझ्यासमोर आण. लोकांना वाटतं थर्मोस्टॅट म्हणजे अडथळा, काढला की पाणी मोकळं. तुझ्या इंजिनात त्या थर्मोस्टॅटला दोन चकत्या असतात. गाडी थंड असते तेव्हा वरची रेडिएटरची वाट बंद आणि खालची बायपासची वाट उघडी, पाणी इंजिनातल्या इंजिनात फिरतं. गरम झालं की वरची उघडते आणि खालची चकती बायपास बंद करते. थर्मोस्टॅटच नसेल तर बायपास कायम उघडा. पाणी आळशी, त्याला जवळची वाट दिसली की ते रेडिएटरकडे कशाला जाईल? निम्मं पाणी थंड न होताच पुन्हा पंपात.

सपाटीवर चालतं. घाटात इंजिन जेवढी ताकद चाकाला देतं, साधारण तेवढीच उष्णता पाण्यात टाकतं. प्री-चेंबरचं (डिझेल आधी छोट्या कप्प्यात पेटवणारं) जुनं डिझेल इंजिन तर जास्तच. तिथे निम्म्या पाण्यावर भागत नाही.

८० अंशाचा घाल. अस्सल घाल.

---

ओहमकार
१३ एप्रिल, दुपारी १:१०

काकांच्या पंगतीत मी वायरिंगचं ताट वाढतो.

ताई, दोन कामं. पहिलं: गाडी उभी, पंखे चालू, मल्टिमीटर घेऊन आधी बॅटरीवर व्होल्टेज मोजा, मग पंख्याच्या प्लगवर. फरक एक व्होल्टच्या वर असेल तर वायर बारीक आहे किंवा अर्थ (बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत जाणारी जोडणी) खराब. दुसरं: वर्तमानपत्राचं एक पान फाडून ग्रिलसमोर धरा, आधी एका पंख्यासमोर, मग दुसऱ्यासमोर. दोन्हीकडे ते जाळीला चिकटलं पाहिजे.

दुसरं काम मी उगाच सांगत नाही. नंतर बाहेरून लावलेल्या पंख्यांमध्ये ही चूक मी दोन गाड्यांत पाहिली आहे.

---

डिचोलीकरीण
१४ एप्रिल, संध्याकाळी ७:०५

बसून वाचा.

बॅटरीवर १३.६. पंख्यावर १०.९.

आणि वर्तमानपत्र: उजवीकडचं पान टपकन जाळीला चिकटलं. डावीकडचं माझ्या तोंडावर आलं.

---

सोलकढी
१४ एप्रिल, संध्याकाळी ७:११

म्हणजे एक पंखा हवा आत घेतोय आणि दुसरा तीच हवा बाहेर सोडतोय. चार महिने ती हवा रेडिएटरभोवती फुगडी घालत होती.

---

ओहमकार
१४ एप्रिल, संध्याकाळी ७:४०

सोलकढी, हसलो, पण घडलंय नेमकं तेच. गरम झालेली हवा डावीकडून पुढे येते आणि उजवीकडून परत आत. गाडी वेगात असेल तेव्हा समोरचा वारा त्या उलट्या पंख्यावर मात करतो, म्हणून केरीपर्यंत ८५. घाटात वीसच्या वेगाने वारा कुठला? त्यात दुपारी समुद्राकडचा वारा पश्चिमेकडून येतो आणि तुम्ही पूर्वेकडे चढता. तो पाठीमागून. गाडीसोबतच चालतो म्हणा ना.

डाव्या पंख्याच्या दोन वायरी उलटवा. पण पात्यांचा वाकही बघा. पाती ओढणाऱ्या जातीची असतील तर प्रश्न मिटला. ढकलणारी असतील तर वायर फिरवून पंखा योग्य दिशेने हवा टाकेल, पण अर्ध्या मनाने. काही पंख्यांची पाती काढून पालथी बसवता येतात.

वायर: १.५ चौरस मिलिमीटरची घातलेली दिसते. दोन पंखे मिळून पंचवीसच्या आसपास अँपिअर ओढतात. ६ चौरस मिलिमीटरची टाका, बॅटरीजवळ फ्यूज, प्रत्येक पंख्याला स्वतंत्र रिले. अर्थ पत्र्याला नको, सरळ बॅटरीच्या निगेटिव्हला. किनाऱ्याच्या गाडीत पत्र्यावरचा अर्थ दोन पावसाळ्यांत गंजतो. अल्टरनेटर किती अँपिअरचा आहे तेही बघा. जुना असेल तर रात्री हेडलाइट, वायपर आणि दोन पंखे एकदम झेपायचे नाहीत.

---

डिचोलीकरीण
२० एप्रिल, रात्री ९:१५

वायरिंग झालं. पंख्यावर आता १३ व्होल्ट, दोन्ही पानं चिकटतात. आज केरीहून चढले. पूर्वी १०५ होते तिथे ९८, पण माथ्याच्या अलीकडे पुन्हा १०८. थांबले.

थर्मोस्टॅट अजून मिळालेला नाही. काकांनी एका वेळी एक म्हटलंय म्हणून थांबले होते असंही म्हणता येईल. थांबल्यावर लगेच लेझरच्या थर्मामीटरने मोजलं: वरचा होज ९७, खालचा ६८. खालचा इतका थंड, म्हणजे रेडिएटर उत्तम काम करतोय ना? मग गाडी का तापते?

---

डेपोतला_मेस्त्री
२१ एप्रिल, सकाळी ६:०५

बाय, तुला उत्तर सापडलंय, फक्त उलटं वाचलंस.

वर-खाली दहाएक अंशांचा फरक असावा. फरक जवळजवळ नसेल तर हवा कमी पडते. फरक फार मोठा असेल तर पाणी कमी पडते. जे थोडं पाणी रेडिएटरमधून जातंय ते रेंगाळत, गारेगार होऊन निघतंय. बाकीचं बायपासने परत तापायला. ६८ हा तुझ्या थर्मोस्टॅट नसण्याचा पुरावा आहे.

---

डिचोलीकरीण
२६ एप्रिल, रात्री ८:५०

थर्मोस्टॅट म्हापशात मिळाला, शुक्रवारच्या बाजाराच्या गर्दीत गाडी लावायला जागा शोधण्यात जास्त वेळ गेला. बसवण्याआधी पातेल्यात पाणी तापवून बघितला, ऐंशीच्या जवळ उघडायला लागला. आईने ते पातेलं आता स्वयंपाकघरातून हद्दपार केलंय.

घाट: माथ्यावर १०३. उकळली नाही! पण १०३ म्हणजे माझ्या जिवाला घोर. होज आता ९९ आणि ९३.

---

कुंदा
२६ एप्रिल, रात्री ९:०३

९९ आणि ९३. काकांच्या हिशेबाने आता पाणी पुरतंय, हवा कमी पडतेय. बरोबर ना काका?

---

डेपोतला_मेस्त्री
२७ एप्रिल, सकाळी ६:२०

कुंदा पास झाला.

तिसरी गोष्ट. बाय, रेडिएटरच्या मागे काऊल, म्हणजे पंख्याभोवतीचं आवरण, आहे का? आणि नव्या रेडिएटरच्या दोन्ही बाजूंना बॉडीपर्यंत किती फट आहे?

---

डिचोलीकरीण
२७ एप्रिल, सकाळी ९:३०

काऊल नाही. पंखे थेट जाळीला प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी बांधलेत, जाळीच्या आरपार. नवा रेडिएटर जाड आहे पण रुंदीला कमी, दोन्ही बाजूंना चार चार बोटं फट.

---

डेपोतला_मेस्त्री
२७ एप्रिल, सकाळी १०:००

पाणी आळशी म्हटलं होतं, हवा त्याहून आळशी. फट दिसली की जाळीतून घुसायचे कष्ट ती करत नाही. आणि काऊल नसला की पंखा फक्त आपल्यासमोरच्या गोल तुकड्यातून हवा ओढतो, कोपरे कोरडे. चौकोनी जाळीवर दोन गोल पंखे, हिशेब कर किती जाळी फुकट गेली. पट्ट्यांनी बांधलेले पंखे घासून घासून नळ्या फोडतात ते वेगळंच.

आता कडू बोलतो. दोन इलेक्ट्रिक पंखे मिळून फार तर तीनचारशे वॅटचे. इंजिनचा पंखा चढावर दुसऱ्या गिअरला पूर्ण फेऱ्यांत याच्या कितीतरी पट ताकद घेतो. गॅरेजवाला खोटं बोलला नाही, तो ताकद खातो. पण त्या ताकदीची हवा देतो. आणि नेमका कधी? गाडी हळू, इंजिन जोरात, तेव्हा. घाटासाठीच जन्माला आलाय तो. तीन टनांच्या आसपासचं घर ओढणाऱ्या गाडीचा तो पंखा काढणं मला पटत नाही. गोणपाट कुठाय?

---

ओहमकार
२७ एप्रिल, सकाळी ११:२५

इलेक्ट्रिकचा वकील म्हणून थोडं बोलतो. सिग्नलला, पर्वरीच्या कोंडीत, इंजिन आयडलवर असताना बेल्टचा पंखा दमतो. तिथे इलेक्ट्रिक पुढे. छोट्या कारला तर तोच योग्य. पण या गाडीला, या घाटाला, काकांशी सहमत.

मधला मार्ग: मूळ पंखा आणि काऊल परत, आणि एक इलेक्ट्रिक पंखा ग्रिलच्या बाजूने, ढकलणारा, फक्त कोंडीसाठी. थर्मो स्विचवर ठेवा, शिवाय डॅशवर हाताचा स्विच.

---

डिचोलीकरीण
२७ एप्रिल, रात्री १०:४०

गोणपाट माळ्यावर सापडलं. पंखा आहे. खाली मूळ काऊलही होता, तो दिलाय हेच मला माहीत नव्हतं. पण नवा रेडिएटर इतका जाड की पंखा मधे मावतच नाही. म्हणजे जुना रेडिएटर लागणार, आणि तो गळतोय.

काऊलच्या आतल्या बाजूला बाबांनी ऑइल पेंटने लिहिलंय: "पाती अर्धी आत, अर्धी बाहेर." त्यासोबत एक वहीपण सापडली, त्याबद्दल नंतर लिहीन.

---

डेपोतला_मेस्त्री
२८ एप्रिल, सकाळी ६:१०

तुझ्या वडिलांना काम कळत होतं. पंख्याची पाती काऊलच्या कडेपासून अर्धी आत, अर्धी बाहेर, तेव्हाच तो नीट ओढतो.

जुना रेडिएटर तांब्या-पितळेचा आहे, म्हणजे मरत नाही. रेडिएटरवाल्याकडे ने. तो वरची-खालची टाकी डाग (सोल्डरचा जोड) काढून उघडेल. नळ्या नुसत्या चोंदल्या असतील तर रॉड मारेल. कुजल्या असतील तर कोअर (मधली नळ्यांची जाळी) नवा, टाक्या जुन्याच. कोअर तांब्याचाच माग, आणि मूळ होती तितक्याच ओळींचा, तीनाच्या जागी दोन घालून देणारे आहेत. समोर उभी राहून हवा भरून पाण्यात बुडवून बघ.

टोपणही नवं घे, ज्या दाबाचं लिहिलंय त्याच दाबाचं. दाब ०.९ बार धरला तर साधं पाणीही ११८ च्या आसपास उकळतं. रबर गेलेलं टोपण म्हणजे १०० लाच खेळ खलास.

---

नळस्टॉप
२८ एप्रिल, सकाळी ११:००

कूलंट कुठलं? हिरवं की लाल? गोव्यात गोठण्याचा प्रश्नच नाही, मग पाणीच का नको?

---

डेपोतला_मेस्त्री
२८ एप्रिल, दुपारी १२:१५

रंगावर जाऊ नका, रंग कंपनी ठरवते. डब्यावरचं वाचा. डाग दिलेल्या तांब्या-पितळेच्या रेडिएटरला जुन्या पद्धतीचं सिलिकेटवालं कूलंट बरं, नव्या सेंद्रिय आम्लवाल्यांपैकी काही डागातल्या शिशाला खातात. नुसतं पाणी उष्णता जास्त चांगली वाहतं हे खरं, पण गंज कोण थांबवणार? इथे पन्नास टक्के घालायची गरज नाही, चाळीस पुरे. बाकी डिस्टिल्ड पाणी. विहिरीचं नको, किनाऱ्याकडच्या मचूळ विहिरीचं तर मुळीच नको.

आणि सांडलेलं लगेच धुवा. चवीला गोड असतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात.

---

डिचोलीकरीण
८ मे, रात्री ९:३०

रेडिएटरवाल्याने टाक्या उघडल्या तेव्हा मी तिथेच उभी होते. निम्म्या नळ्यांत तांबडी माती आणि गंज, बोटाने चेपला तर पेढ्यासारखा. जाळीची पानं हात लावल्यावर गळत होती, खाऱ्या हवेची कृपा. कोअर नवा, तीन ओळी, तांब्याचा. नऊ हजार. अ‍ॅल्युमिनियमच्या रेडिएटरला गेले होते त्याच्या निम्म्याहून कमी.

काऊल बसला, पंखा बसला, पाती अर्धी आत अर्धी बाहेर. ग्रिलच्या आत बाजूच्या फटींना जुन्या ट्यूबचं रबर कापून लावलं. कूलंट चार लिटर, पाणी सहा. पहिल्यांदा भरताना आठच लिटर मावलं, मी खूश. मग आठवलं की मागे पलंगाखाली बाबांनी जादा हीटर बसवलाय आणि त्याच्या पाइपांत हवा अडकलीय. गाडीचं तोंड चढावर उभं केलं, दोन्ही हीटर उघडे, टोपण काढून चालू ठेवली. दहा मिनिटांनी गटकन आवाज आला आणि पातळी खाली गेली.

---

सोलकढी
८ मे, रात्री ९:४४

जुन्या कोअरचं काय केलंत? आमच्या भागात काजूच्या भट्ट्या सुरू आहेत. तांब्याची नळीच नळी!

---

डेपोतला_मेस्त्री
८ मे, रात्री ९:५०

गंमत म्हणूनही लिहू नको. डागात शिसं असतं. त्यातून निघालेली फेणी पिणारा दारूने नाही, शिशाने मरेल. भंगारात दे.

---

सोलकढी
८ मे, रात्री ९:५२

शब्द मागे घेतो काका.

---

डिचोलीकरीण
११ मे, रात्री ८:००

आज दुपारी दोन वाजता, मुद्दाम उन्हात, पाठीवर वारा घेऊन चोर्ला चढले. टाकीत साठ लिटर पाणी, मागे आई आणि मावशी.

ती वही सांगायची राहिली होती. बाबा प्रत्येक घाटाला काटा लिहून ठेवायचे. चोर्ल्याच्या पानावर, १९९८ च्या मे महिन्यात: "केरी ८०. धरण दिसतं तिथे ८८. माथा ९५. मागे चौघे." माझं आजचं: केरी ८२, धरण ९०, माथा ९६. होज ९५ आणि ८४. चहाच्या टपरीवर उभी केली, तीन मिनिटांत काटा ८५ वर.

वर चढताना पंखा गर्जत होता, विमानासारखा. मावशी म्हणाली, गाडीला काय झालं गं? आई म्हणाली, काही नाही, पूर्वी असाच आवाज यायचा.

---

कुंदा
११ मे, रात्री ८:१५

अभिनंदन ताई! वाचनखूण साठवली. पुढच्या वेळी थोडं पुढे या, कणकुंबी-जांबोटी करत बेळगावला.

---

नळस्टॉप
११ मे, रात्री ८:४०

काटे २८ वर्षांनीही अचूक आहेत असं कशावरून?

---

ओहमकार
११ मे, रात्री ८:५२

होजचे आकडे लेझरचे आहेत नळस्टॉप, काट्याचे नाहीत. पण सेन्सर जुना असेल तर एकदा उकळत्या पाण्यात घालून तपासा, तेही खरं.

---

सत्तरीकर
११ मे, रात्री ९:३०

धागा पहिल्यापासून वाचतोय, आज पहिल्यांदा लिहितो. दोनपैकी एक पंखा पुढे बसवला असेल. उरलेला विकायचा आहे का? बागेत सोलरवर चालवायला बारा व्होल्टचा हवा होता, काजू वाळवायला.

---

डिचोलीकरीण
११ मे, रात्री ९:४१

देते, पैसे नकोत. वाळपईला कुठे उतरवू सांगा. लाल वायर काळ्याला जोडायची का काळी लालला, ते आधी वर्तमानपत्र धरून बघा.